मेणबत्तीवर ग्लास पालथा घातला की पाणी वर का चढतं? सहावीतल्या मुलीला काय सांगू?

माणदेशची बाई | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. माण तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. सहावी-सातवी एकाच खोलीत बसते, मिळून १९ मुलं. शनिवारपासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

शनिवारी हवेचा धडा घेतला. परातीत पाणी, मधोमध मेणबत्ती, तिच्यावर काचेचा ग्लास पालथा. पाणी लांबच्या मुलांनाही दिसावं म्हणून त्यात धुण्याच्या निळीचे चार थेंब टाकले होते. हा प्रयोग मी शाळेत असताना पाहिला, डी.एड.ला पाठ घेताना केला आणि गेली १४ वर्षं दर वर्षी वर्गात करते. ज्योत विझते, पाणी ग्लासात चढतं आणि मी सांगते की ज्योतीनं ऑक्सिजन वापरून टाकला, हवेत तो एक पंचमांश असतो, तेवढी जागा रिकामी झाली म्हणून तिथं पाणी शिरलं. मुलं वहीत उतरवून घेतात. धडा संपतो.

या वेळी सहावीतल्या एका मुलीनं हात वर केला. तिचे आईवडील मेंढरं घेऊन बाहेर असतात, ती आजीजवळ राहून शिकते. वर्गात फारशी बोलत नाही. म्हणाली, "बाई, जळल्यावर कार्बन डायऑक्साइड हुतो, असं तुम्हीच म्हनला हुता. मग ऑक्सिजन गेला त्या जागी त्यो आला की. जागा रिकामी कशी झाली?"

मी म्हटलं, तो पाण्यात विरघळतो. ती बसली, पण चेहऱ्यावर पटल्याचं दिसलं नाही. तेवढ्यात मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "बाई, वात जळत हुती तवर पानी हाललंच न्हाई. इझल्यावर सर्रकन वर गेलं."

पुन्हा करून पाहिलं. तो म्हणतो ते खरं आहे! मेणबत्ती जळत असताना पाणी जागचं हलत नाही. उलट ग्लास ठेवल्या ठेवल्या त्याच्या कडेखालून दोन-तीन बुडबुडे बाहेर येतात. ज्योत बारीक होते, विझते आणि मग तीन-चार सेकंदांत पाणी झपकन वर चढतं. १४ वर्षं मी हेच बघत आले आणि मला ते दिसलं नव्हतं.

मग मुलांनीच सुचवलं म्हणून तीन मेणबत्त्या एकाला एक लावून ठेवल्या. ग्लास १२ सेंटिमीटर उंच आहे. एका मेणबत्तीला पाणी २ सेंटिमीटरच्या आत-बाहेर चढलं होतं, तीन मेणबत्त्यांना साडेतीन सेंटिमीटर. पट्टी मुलांनीच लावली. ग्लास तोच, हवा तेवढीच, मग ऑक्सिजनही तेवढाच. पाणी जास्त का चढावं? आणि साडेतीन म्हणजे पंचमांशाच्या पुढं गेलं.

मला काही सुचेना. मी म्हटलं, "पुस्तकात असंच दिलंय, तेवढं लिहा." ती मुलगी मान खाली घालून लिहायला लागली. हे वाक्य माझ्या तोंडून गेलं याचं फार वाईट वाटतं आहे. ज्या मुलीनं बरोबर प्रश्न विचारला तिलाच मी गप्प केलं.

तर पाणी चढण्याचं खरं कारण काय? आणि हवेत ऑक्सिजन पंचमांश असतो हे आमच्यासारख्या शाळेत खरोखर दाखवता येईल असा काही प्रयोग आहे का? प्रयोगशाळा नाही. एका कपाटात दोन परीक्षानळ्या, एक भिंग, एक चुंबकपट्टी एवढंच आहे. बाकी गावात मिळेल ते.

---

मिरजकर | सोमवार, रात्री १०.१५

तुम्ही दिलेलं उत्तर बरोबरच आहे. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, सोडावॉटर त्याचंच असतं. त्यामुळे जागा रिकामी होते. मुलांना एवढं पुरे.

---

कऱ्हाडची आई | सोमवार, रात्री १०.५०

मी विज्ञानाची नाही, पण बुडबुड्यांवरून एक आठवलं. मुलाच्या डब्यात गरम भात भरून झाकण घट्ट लावलं की दुपारपर्यंत ते इतकं बसतं की पोरांना उघडत नाही. गार झाल्यावर आतली हवा आकसते म्हणून असं होतं, असं यांनी एकदा सांगितलं होतं. तुमच्या ग्लासातही तसंच तर नसेल? ज्योतीनं हवा तापली, विझल्यावर गार झाली.

---

निवृत्त मास्तर, तासगाव | मंगळवार, सकाळी ६.२०

बाई, तुमच्या वर्गातल्या दोन्ही मुलांचं बरोबर आहे आणि कऱ्हाडच्या ताईंनी वर्मावर बोट ठेवलं आहे. मी हायस्कुलात ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. पहिली काही वर्षं मीही तुमच्यासारखंच सांगत होतो, त्यामुळे हे उत्तर अगदी मनापासून देतो.

आधी बुडबुडे. तुम्ही पेटत्या मेणबत्तीवर ग्लास आणता तेव्हाच आतली हवा तापलेली असते. तापली की फुगते, आणि फुगलेल्या हवेला जागा पुरत नाही म्हणून ती कडेखालून बाहेर पडते. काही तर ग्लास पाण्याला टेकायच्या आधीच निसटलेली असते, ती दिसतही नाही. आता ग्लासात मोजून कमी हवा आहे, पण ती गरम असल्यामुळे ग्लास भरून राहिली आहे. ज्योत विझली की ती गार होते, आकसते, आतला दाब उतरतो. बाहेर परातीतल्या पाण्यावर वातावरणाची हवा बसलेली आहे, दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोच्या भारानं. ती हवा पाण्याला आत ढकलते. पाणी आपण होऊन चढत नाही आणि त्याला कोणी आतून ओढतही नाही.

तीन मेणबत्त्यांनी हवा जास्त तापते, जास्त बाहेर जाते, म्हणून पाणी जास्त चढतं. तुमच्या मुलांनी पट्टी लावून मोजलं तेव्हाच ऑक्सिजनच्या गोष्टीचा निकाल लागला होता.

आता पंचमांशाचा गोंधळ कुठून आला ते बघा. हवा ३० अंशांवरून साधारण १०५ अंशांपर्यंत तापली तर ती सव्वापट होते. म्हणजे पाचातला एक हिस्सा ग्लासाबाहेर जातो, आणि उरलेली गार झाली की पाणी बरोबर एक पंचमांश चढतं. मेणबत्ती आणि ग्लास यांचा मेळ असा जमला की उत्तर पुस्तकासारखं येतं आणि शिक्षक खूश होतो. पण हा आकडा उष्णतेतून आलेला असतो, त्याचा ऑक्सिजनच्या प्रमाणाशी संबंध नाही.

ऑक्सिजन काहीच जात नाही असं मात्र म्हणू नका. जातो, पण सगळा जात नाही. हवेत तो २१ टक्के असतो आणि साधारण १६ टक्क्यांवर आला की मेणबत्तीची ज्योत टिकत नाही. आपण जो श्वास सोडतो त्यातही ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे विझलेल्या मेणबत्तीच्या ग्लासात ऑक्सिजन भरपूर शिल्लक आहे. शिवाय मेण जळताना तीन मापं ऑक्सिजन गेला तर सुमारे दोन मापं कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न नेमका हाच होता. मेणातून पाण्याची वाफही होते, पण ती काचेवर जमून पुन्हा पाणी होते. हिशोब केला तर शंभरात पाच मापं गेली, साडेतीनच्या आसपास परत आली, खड्डा पडला दोनपेक्षा कमी मापांचा. १२ सेंटिमीटरच्या ग्लासात हे जेमतेम २ मिलिमीटर भरतं. तुम्हाला दिसले २ सेंटिमीटर.

मिरजकर, विरघळण्याबद्दल. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो हे खरंच आहे, पण सोड्याच्या कारखान्यात त्यासाठी दाब द्यावा लागतो आणि पाणी चांगलं घुसळावं लागतं. परातीतल्या संथ पाण्यात तीन-चार सेकंदांत ते होत नाही.

मुलांना पटवायला दोन गोष्टी करा. परातीच्या पाण्यात थोडा साबण घाला, म्हणजे बुडबुडे कडेला फेस होऊन साठतात आणि मागच्या बाकावरूनही दिसतात. दुसरं, मेणबत्ती अजिबात न लावता पाणी चढवून दाखवा. तुमच्याकडे ऊन आहे! काचेची कोरडी बरणी भर दुपारी पत्र्यावर अर्धा तास ठेवा, फडक्यानं धरून तशीच उचला आणि सावलीतल्या गार पाण्यात पालथी घाला. थोड्या वेळानं पाणी आत शिरलेलं दिसेल. ज्योत नाही, ऑक्सिजन गेला नाही, तरी पाणी चढलं. यानंतर वाद राहत नाही.

आता खरा पंचमांश. त्यासाठी ऑक्सिजन खाणारी, पण बदल्यात कुठलाही वायू न सोडणारी आणि हवा न तापवणारी वस्तू हवी. ती म्हणजे गंजणारं लोखंड. गंज घट्ट असतो, त्याचा वायू होत नाही. भांडी घासायची तारेची घासणी घेऊ नका, ती स्टेनलेस स्टीलची असते, महिनाभर ठेवली तरी गंजणार नाही. माझी एक पूर्ण आठवड्याची मेहनत त्यात वाया गेली आहे. लेथवर पडणारा साध्या लोखंडाचा कीस आणा. त्याला तेल लागलेलं असतं, ते धुण्याच्या पावडरीनं गरम पाण्यात दोन-तीनदा धुऊन काढा, मग दहा मिनिटं व्हिनेगरमध्ये बुडवा आणि पुन्हा साध्या पाण्यानं धुवा. ओला कीस पातळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून बरणीच्या बुडाशी अडकवा, बरणी परातीतल्या पाण्यात पालथी ठेवा. शेजारी तशीच दुसरी बरणी, किसाशिवाय. मूठभर तरी कीस घ्या, चिमूटभरानं भागत नाही. बरणी सरळ उभ्या बाजूंची हवी, गळ्याला निमुळती असेल तर पट्टीचं माप खोटं येतं.

फ्रान्सच्या लाव्हाझिएनंही घाई केली नव्हती. त्यानं पारा बंद हवेत १२ दिवस तापवत ठेवला, वर लाल पापुद्रा धरला आणि हवा सहाव्या हिश्शानं कमी झाली. उरलेल्या हवेत ज्योत विझली. नंतर तोच लाल पापुद्रा जोरात तापवला तेव्हा कमी झालेली तेवढी हवा परत मिळाली. अठराव्या शतकातली ही गोष्ट मुलांना सांगा, मुलं कान टवकारून ऐकतात.

---

माणदेशची बाई | मंगळवार, दुपारी १.०५

सर, काय लिहू. इतकं उलगडून आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आजच दहिवडीला जाणाऱ्या एका पालकांना किसाचं सांगितलं आहे. करून बघते आणि इथंच लिहिते. कऱ्हाडच्या ताई, तुमचं डब्याचं उदाहरण उद्या वर्गात सांगणार आहे.

---

कृष्णाकाठ, पलूस | मंगळवार, रात्री ८.३०

बाई, मी शेतकरी माणूस. मास्तरांनी लिहिलंय ना, की पाणी कोणी ओढत नाही, बाहेरची हवा ढकलते, ते एक वाक्य मला दहा वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर माझे पैसे वाचले असते.

आमची मोटार नदीच्या काठावर आहे, साडेसात एचपीची, वर पाणी उचलून उसाला देतो. पावसाळ्यात पाणी मोटारीच्या जवळ असतं तेव्हा काही अडचण नाही. एका उन्हाळ्यात नदी फार उतरली. सक्शन पाइप वाढवत वाढवत खाली नेला. मोटार चालू केली की नुसती घूं करायची, पाणी नाही. आधी वाटलं फुटबॉल गळतोय. (पाइपाच्या तळाला जो व्हॉल्व्ह असतो त्याला आमच्याकडं फुटबॉल म्हणतात.) तो नवा टाकला. मग म्हटलं सांध्यातून हवा धरतेय, सगळे सांधे खोलून सफेदा लावून बांधले. मोटारीत पाणी भरून भरून हात दुखले. शेवटी एका दुकानदारानं सांगितलं की मोटार कमी पडतेय, दहा एचपीची घ्या. घेतली. तिनंही पाणी दिलं नाही.

मग गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं टेप टाकून मोजलं. पाणी मोटारीच्या खाली ३० फुटांवर गेलं होतं. तो म्हणाला, एचपी कितीबी लाव, इतक्या खालनं पाणी येणार न्हाई, मोटार खाली घे. दुसऱ्या दिवशी दगडी पायरीवर दहा फूट खाली मोटार बसवली. तीच जुनी साडेसातची. बटण दाबलं आणि पाणी धो धो आलं. मी तिथंच मटकन खाली बसलो.

तेव्हा कळलं नव्हतं की का. आता पोरगा डिप्लोमाला आहे, त्यानं समजावलं. मोटार फक्त पाइपातली हवा काढते, पाणी वर येतं ते नदीवरच्या हवेच्या दाबानं. आणि ती हवा पाण्याला जास्तीत जास्त ३४ फूट उभं धरू शकते, त्याच्यापुढं नाही. पाइपातलं घर्षण, सांधे, पाण्याची वाफ हे सगळं धरलं की प्रत्यक्षात २२-२५ फुटांवर हिशोब संपतो. बोअरची सबमर्सिबल शेकडो फुटांवरून पाणी आणते, कारण ती पाण्यातच बुडालेली असते आणि खालून वर ढकलते. तिचं काम वेगळं.

माण-खटावात विहिरी आहेत, बऱ्याच मुलांनी घरी उन्हाळ्यात मोटार खाली घेताना बघितली असेल. त्यांना विचारा, का घेतात म्हणून.

---

निवृत्त मास्तर, तासगाव | बुधवार, सकाळी ६.०५

कृष्णाकाठ, तुमचा अनुभव वाचून अंगावर काटा आला, कारण विज्ञानात ही गोष्ट अशाच पंपावरून सुरू झाली. इटलीत सक्शनचे पंप साधारण ३४ फुटांच्या वर पाणी चढवेनात. गॅलिलिओलाही याचा नीट उलगडा झाला नव्हता. त्याच्या अखेरच्या काळात त्याच्याजवळ काम केलेल्या टोरिचेलीनं विचार केला की पाण्याऐवजी त्याच्यापेक्षा १३.६ पट जड असलेला पारा घेतला तर उंची तेवढ्याच पटीनं कमी यायला हवी. १६४३-४४ च्या सुमारास पाऱ्याची नळी पालथी घातली गेली आणि पारा ७६ सेंटिमीटरवर थांबला. ३४ फूट म्हणजे सुमारे १०.३ मीटर, त्याला १३.६ नं भागून बघा. तुमच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं टेप लावून जे ओळखलं ते हेच.

---

वाईकर | बुधवार, रात्री ९.१५

यात माझीही एक भर. गेल्या डिसेंबरात मुलीच्या शाळेची सहल पाचगणी-महाबळेश्वरला निघाली, मी पालक म्हणून सोबत होतो. वाईतून निघताना मुलांनी वेफरची पाकिटं घेतली. पसरणीचा घाट चढून पाचगणीत पोचलो तोवर पाकिटं इतकी टम्म फुगली होती की एका मुलाला वाटलं आपल्याला जास्त हवेचं पाकीट देऊन फसवलं. संध्याकाळी घाट उतरल्यावर एक न फोडलेलं पाकीट पुन्हा पहिल्यासारखं झालं. हवा तेवढीच होती, बाहेरचा दाब कमी-जास्त झाला. चढ पाच-साडेपाचशे मीटरचा असेल, तेवढ्यानंही डोळ्यांना फरक दिसतो. महाबळेश्वरला पाणी शंभराऐवजी ९५-९६ अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजायला वेळ लागतो, हेही त्याचंच. माणमधून सहल काढलीत तर एक बंद पाकीट जरूर हातात ठेवा.

---

निवृत्त मास्तर, तासगाव | गुरुवार, सकाळी ६.१०

वाईकर, अगदी असाच प्रवास १९ सप्टेंबर १६४८ ला झाला होता. पास्कलनं आपल्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, पेरिएला, पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधल्या प्वी द दोम डोंगरावर चढायला लावलं. माथ्यावर पारा गावातल्यापेक्षा ८ सेंटिमीटरहून जास्त उतरला. पायथ्याशी दुसरी नळी एका माणसाच्या देखरेखीखाली दिवसभर ठेवली होती, तिच्यातला पारा हलला नाही. बाई, दुसरी बरणी ठेवा असं मी म्हटलं ते यासाठी.

---

माणदेशची बाई | पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, रात्री ९.३०

सगळं करून पाहिलं. घडलं तसं लिहिते.

पहिल्या दिवशी वर्गात गेल्या गेल्या मी त्या मुलीला पुढं बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की शनिवारी हिचा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर चुकीचं होतं. वहीतलं ते वाक्य सगळ्यांनी खोडलं. ती काही बोलली नाही, पण दिवसभर माझ्या टेबलाच्या आसपासच होती.

साबणाच्या पाण्यात बुडबुड्यांचा फेस ग्लासाभोवती गोल साठला. मग बरणीचा प्रयोग. आमच्याकडं सध्या सकाळची शाळा आहे, तरी मुलं बाराला परत आली. २० सेंटिमीटरची सरळ बरणी शाळेच्या पत्र्यावर तापवली. फडक्यानं धरून खाली आणली, व्हरांड्यातल्या परातीत पालथी घातली. पाच मिनिटांत नीळ घातलेलं पाणी आत एक सेंटिमीटरच्या वर चढलं. मागच्या बाकावरचा तो मुलगा ओरडला, "बाई, वातच न्हाई तरी चढलं!"

आता कीस. दहिवडीच्या लेथवाल्यानं अर्धी पिशवी फुकट दिली. तेल काढताना मुलींचे हात काळे झाले, पावडरीचं पाणी तीनदा बदललं. सोमवारी सकाळी साडेसातला एका बरणीत पुरचुंडी अडकवली, दुसरी रिकामी, दोन्ही खिडकीत एकाच परातीत. बाहेरून कागदाची पट्टी चिकटवून मिलिमीटरच्या रेघा मारल्या.

पहिल्या दिवशी मुलं तासातासाला मोजत होती आणि दुपारी गोंधळ झाला. सकाळी दहाला चढलेलं पाणी साडेअकराला थोडं खाली आलं! मला धस्स झालं, प्रयोग फसला असं वाटलं. तेव्हा तीच मुलगी म्हणाली, "दुसऱ्या बरणीतलं पन खाली गेलंय बाई. ऊन झालं." रिकाम्या बरणीतली हवाही तापून फुगली होती आणि पाण्याला खाली ढकलत होती. सर, दुसऱ्या बरणीचा उपयोग असा होईल हे मला कळलंच नव्हतं. त्यानंतर ठरवलं की मोजायचं फक्त सकाळी साडेसातला, खोली गार असताना.

मंगळवारी सकाळी किसाच्या बरणीत १४ मिलिमीटर. बुधवारी २९. गुरुवारी ३९. आज शुक्रवारी पुन्हा ३९. रिकाम्या बरणीत चारही दिवस आरंभीच्या रेघेवर. बरणी २०० मिलिमीटरची, पुरचुंडीनं अडवलेली थोडी जागा सोडली तर पाचातला एक हिस्सा! कीस पूर्ण तांबूस झाला होता, तरी मधे अजून काळा राहिलेला दिसत होता. म्हणजे लोखंड शिल्लक होतं आणि ऑक्सिजन संपला होता. हे वाक्य सातवीतल्या एका मुलानं म्हटलं, मी सांगितलेलं नाही.

शेवटी बरणीच्या तोंडावर पाण्यातच काच धरली, बरणी सरळ केली, काच जराशी सरकवून पेटती काडी आत घातली. तोंडापाशीच विझली. दुसऱ्या बरणीत तीच काडी बुडाशी जाईपर्यंत जळली. हे त्यांनी पाच वेळा बघायला मागितलं, पण काडी एकदा घातली की बाहेरची हवा आत शिरते, दुसऱ्यांदा तसं होत नाही, हे समजावून सांगावं लागलं. सोमवारी नवा कीस भरून पुन्हा लावणार आहोत.

मोटारीचं विचारलं तेव्हा निम्म्या वर्गानं हात वर केले. एकाच्या घरी परवाच विहिरीत मोटार खाली घेतली आहे. तो वडिलांना विचारून आला, मोटारीपासून पाण्यापर्यंत अंदाजे १८ फूट. ३४ चा आकडा फळ्यावर लिहून ठेवला आहे. कृष्णाकाठ दादा, तुमची दहा एचपीची हकीगत मुलांना नाव-गाव न घेता सांगितली, सगळी गप्प होऊन ऐकत होती.

त्या मुलीनं आज जाताना विचारलं, "उरलेली चार हिश्श्याची हवा कशाची?" नायट्रोजनचं सांगितलं. तिचं पुढचं तयारच होतं: ती हवा कशानं जाईल? सर, यावर शाळेत करता येण्यासारखं काही आहे का? भुईमुगाच्या मुळावरच्या गाठी दाखवायचा विचार आहे, कारण नायट्रोजन धरणारे जिवाणू तिथंच असतात आणि तिच्या आजीच्या वावरात उन्हाळी भुईमूग आहे.

किसाची अजून बरीच पिशवी उरली आहे, धुऊन वाळवून तेलाचं बोट लावून डब्यात ठेवली आहे. दहिवडी-म्हसवड भागातल्या कुठल्या शाळेला हवा असेल तर इथं कळवा, येत्या केंद्र बैठकीला घेऊन येते.